तेरा आणि भोपळा

साठी उलटलेला माणूस आपल्या लहानपणाच्या गोट्यांबद्दल जे सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं आणि उरलेलं निम्मं कोणाला तपासता येत नाही. या भांडवलावर मी आजवर पुष्कळ मिरवलो आहे. साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत माझ्या नेमाचा दबदबा होता, असं मी बँकेत सांगत असे. बदल्या होत होत मी साताऱ्यापासून जसजसा लांब गेलो, तसतसा माझा नेम अधिकाधिक अचूक होत गेला. नागपूर शाखेत पोचेपर्यंत मी वीस फुटांवरून, चिकटून असलेल्या दोन गोट्यांमधली नेमकी मागची गोटी उडवू लागलो होतो. साताऱ्याचा माणूस तिथे कोणी नव्हता.

त्यामुळे मुलीकडे, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ला सियोता गावात, झाडांखालच्या मोकळ्या जागेत दहाबारा म्हातारे लोखंडी गोळे टाकत उभे दिसले, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की यांना कोणीतरी नीट शिकवायला हवं.

परदेशातल्या मुलीकडे जाण्याचं बाकीचं पुराण मी लावत नाही. भाजणी, व्हिसा, विमानतळावर चाकाची खुर्ची मागून घेणारी धडधाकट मंडळी, जावयाने समजावून सांगितलेला डिशवॉशर, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. तुमच्यापैकी काहींनी त्यावर पुस्तकंही काढली आहेत. एवढंच सांगतो की सकाळी मुलगी आणि जावई मार्सेयची गाडी पकडतात. ला सियोताचं ते स्टेशन म्हणजे साधंसुधं नव्हे. ल्युमिएर बंधूंनी गाडी आत येतानाची ती प्रसिद्ध फिल्म काढली ती इथे, आणि त्याच बंधूंच्या चित्रांचे खेळ ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले. पहिल्या दिवशी हे मी जावयाला फलाटावर उभं राहून सविस्तर सांगितलं. त्याची गाडी चुकली. दुसऱ्या दिवसापासून ‘बाबा, तुम्ही कशाला येता, दगदग होते’ असं सुरू झालं, आणि माझी पावलं आपोआप त्या म्हाताऱ्यांकडे वळली.

खेळाचं नाव पेतांक. जमिनीवर एक छोटं वर्तुळ काढायचं, त्यात दोन्ही पाय रोवून उभं राहायचं. सहा ते दहा मीटरवर लिंबाहून लहान अशी एक लाकडी गोळी टाकलेली असते. तिला कोशोने, म्हणजे डुकराचं पिल्लू म्हणतात. आपले पोलादी गोळे या पिल्लाच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या गोळ्याहून तुमचे जितके गोळे पिल्लाच्या जवळ, तितके तुमचे गुण. तेरा झाले की डाव संपला. गोळा आतून पोकळ असतो आणि तरी साडेसहाशे ते आठशे ग्रॅम भरतो. ज्याचा गोळा लांब आहे त्याने टाकत राहायचं, जवळ जाईपर्यंत किंवा गोळे संपेपर्यंत. एवढाच खेळ. ऐकताक्षणी आपण जिंकणार असं वाटायला लावणारा.

मी तिथल्या बाकावर अशा जागी बसू लागलो की कोणालाही मला बोलावणं सोयीचं पडावं. मधूनमधून एखाद्याचा गोळा चुकला की मी जाणकाराने हलवावी तशी मान हलवत असे. अखेर त्यांच्यातला एक जण माझ्याकडे आला. हा जन्माने अल्जीरियातला, हयात इथल्या जहाजांच्या गोदीत वेल्डिंग करण्यात गेलेली. बोटींवरच्या खलाशांकडून उचललेलं थोडं इंग्रजी त्याला येत होतं, त्यातले निम्मे शब्द मुलीसमोर उच्चारण्याजोगे नव्हते. त्याने माझ्या हातात गोळा ठेवला.

मी हातात घेऊन तोलला. एक डोळा मिटला. यादोगोपाळ पेठेचं स्मरण केलं आणि सोडला. गोळा पिल्लावरून गेला, मैदानाची फळी ओलांडून गेला आणि पलीकडच्या बाकाखाली निजलेल्या कुत्र्याच्या दिशेने निघाला. कुत्रं उठलं, दोन पावलं सरकलं, गोळा जाऊ दिला आणि परत त्याच जागी निजलं. नवशिक्यांची त्याला सवय असावी.

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. गोळा तळहात वर करून फेकायचा नाही. हात उपडा धरून, सुटताना बोटांनी मागे ओढायचा, म्हणजे तो पडल्यावर पुढे पळत नाही. जमीन आधी वाचायची. खडा कुठे आहे, उतार कुठे आहे, काल पाऊस झाला होता का. आणि प्रत्येक गोळ्याआधी एक प्रश्न सोडवायचा: लावायचा की मारायचा? लावणारा हळूच नेऊन पिल्लापाशी ठेवतो. मारणारा प्रतिपक्षाचा गोळा थेट हवेतून उडवून लावतो. आणि उडवून स्वतःचा गोळा नेमका त्याच जागी ठेवला, तर बघणारे जो आवाज काढतात तो माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी काढलेला नाही. दोन्ही कामांसाठी माणसाचा स्वभाव वेगळा लागतो. बँकेत हयात काढलेला माणूस हा जन्माचा लावणारा. मला अर्थातच मारणारा व्हायचं होतं.

या मंडळींची ओळख मला त्यांच्या नावांनी झाली नाही, खोडींनी झाली. एक निवृत्त पोस्टमन होता. त्याच्या खिशात कायम मोजपट्टी. दोन गोळे पिल्लापासून सारख्याच अंतरावर दिसले की खेळ थांबायचा. चौघे जण गुडघे धरून वाकायचे आणि अर्धा मिलिमीटर कोणाचा यावर जे व्हायचं त्याला वाद म्हणणं म्हणजे भीमसेन जोशींना गुणगुणणारे म्हणणं. मी तर असं पाहिलं आहे की मोजून निकाल लागल्यावर पट्टीच्या कंपनीबद्दल शंका घेतली गेली. दुसऱ्या एक बाई, ऐंशीच्या पुढच्या. सगळे त्यांना नुसतं मादाम म्हणत. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून दोरीला बांधलेलं लोहचुंबक खाली सोडून त्या आपले गोळे वर ओढून घेत. त्यांनी एकदा वर ओढता ओढता माझाही गोळा नेला आणि परत मागितला तर ऐकू येत नसल्याचं दाखवलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बूल म्हणजे गोळ्यांचे हे खेळ घ्यावेत म्हणून फ्रान्समध्ये खूप खटपट झाली होती. आयोजकांनी त्यांना बाजूला ठेवून ब्रेकडान्स घेतला. हा विषय निघाला की मादामना सगळं ऐकू येई.

आता मला फॅनीबद्दल सांगायलाच हवं. विषयांतर होणार आहे, पण हा लेख मुळात मी फॅनीसाठीच लिहायला घेतला, हे आमच्या घरात सगळे जाणून आहेत.

पेतांकमध्ये तेरा विरुद्ध शून्य असं हरणं ही नुसती हार नसते. जो एकही गुण न मिळवता हरतो त्याला फॅनीचा मुका घ्यावा लागतो. फॅनी ही बाई आहे. मुका गालाचा नाही. गोळ्यांच्या प्रत्येक जुन्या क्लबात तिचं चित्र नाहीतर प्लास्टरचा उठाव असतो, त्यात ती पाठमोरी असते आणि तिने स्कर्ट वर धरलेला असतो. हरलेल्याने सर्वांसमोर गुडघे टेकून त्या भागाचा मुका घ्यायचा. काही ठिकाणी त्या वेळी घंटा वाजवतात, म्हणजे गावात कोणी बघायचं राहू नये.

ही फॅनी खरोखर होती का? सांगतात ते असं: पहिल्या महायुद्धानंतर इझेर भागातल्या ल ग्रां-लां गावात एका कॅफेत फॅनी नावाची पोरगी काम करायची. मनाने चांगली. एकही गुण न मिळवता हरलेल्यांना ती धीर म्हणून आपल्या गालाचा मुका घेऊ द्यायची. एक दिवस गावचे महापौर भोपळा घेऊन हरले आणि हक्काने गाल मागायला आले. तिचं आणि महापौरांचं काहीतरी आधीचं वाकडं होतं. ती खुर्चीवर चढली, पाठ फिरवली आणि जो गाल पुढे केला तो चेहऱ्यावरचा नव्हता. सगळं कॅफे श्वास रोखून. आणि महापौर? महापौरांनी शांतपणे, पदाची शान राखून, मुका घेतला. तिकडे ल्योंवाले छाती ठोकून सांगतात की फॅनी आमची, आणि तुमच्या कितीतरी आधीची. एका पाठमोऱ्या बाईवर दोन प्रांतांनी हक्क सांगावा, हे मला फार लोभस वाटतं.

मी या महापौरांचा रात्र रात्र विचार केला आहे. समजा, हे आपल्याकडे घडलं असतं. आधी महापौर हरलेच नसते; बारा शून्य झाल्यावर वीज गेली असती. गेली नसती तर नियमांचा अर्थ लावायला समिती बसली असती. समितीत फॅनीच्या बाजूचा एकही सदस्य नसता. दरम्यान एका गटाने फॅनीच्या विरोधात मोर्चा काढला असता, दुसऱ्या गटाने समर्थनार्थ. वर्तमानपत्रांत ‘हेच का आपले संस्कार’ या मथळ्याखाली एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचं पत्र आलं असतं. अक्षर माझं असतं. तडजोड म्हणून फॅनीच्या चित्राला नऊवारी नेसवून तिला समोर तोंड करून उभं केलं असतं, आणि पुढच्या पिढ्या हरल्यावर तिला नुसता नमस्कार करून घरी गेल्या असत्या. त्या फ्रेंच माणसाने मात्र हरलो ते हरलो असं मानलं, आणि म्हणून शंभर वर्षं त्याची गोष्ट सांगतात. त्याने बांधलेले पूल आणि गटारं कोणाच्या लक्षात नाहीत.

बारकावे अजून आहेत. चित्र उघड्यावर नसतं. त्याला छोटं कपाट किंवा पडदा असतो. आमच्या मैदानामागच्या खोलीत तर ते थेट देव्हाऱ्यासारखं: लाकडी चौकट, दोन दारं, कुलूप, आणि किल्ली जबाबदार माणसाकडे, म्हणजे पोस्टमनकडे. ही खोली मला पहिल्या आठवड्यात मोठ्या अभिमानाने दाखवली गेली. दारं मात्र उघडली नाहीत. दर्शन असं सहज होत नसतं, ते कमवावं लागतं, असं वेल्डर म्हणाला. मी हसलो. साताऱ्याचा माणूस आणि शून्यावर!

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

मादाम आणि मी, एकास एक, प्रत्येकी तीन गोळे. ऐंशीच्या बाई, वाकता येत नाही, चष्म्याची काच जाड. मी मनाशी ठरवलं होतं की त्यांना सात-आठ गुणांपर्यंत येऊ द्यायचं. त्या लावणाऱ्या. पिल्लाजवळ गोळा ठेवायच्या आणि हात झटकून माझ्याकडे बघायच्या. मी मारणारा. मी त्यांच्या गोळ्याच्या आजूबाजूचा फ्रान्स मारत राहिलो. आठ शून्य झाले तेव्हा पलीकडचा डाव सोडून लोक आमच्याकडे आले. दहा शून्यला कोणीतरी पोस्टमनला हाक मारली. अकरा शून्यला, कशी कोण जाणे, आमची ही बाजाराची पिशवी घेऊन तिथे हजर होती. तेरावा गुण मोजपट्टीवर ठरला. अर्धा मिलिमीटर. मी पट्टीच्या कंपनीबद्दल शंका घेतली.

मग मी वाटाघाटी सुरू केल्या. मी पाहुणा आहे, म्हणालो. माझं वय झालं आहे, म्हणालो. आमच्या संस्कृतीत हे बसत नाही, असंही म्हणालो. वेल्डर एकेका वाक्याचं फ्रेंच करत होता आणि गर्दी एकेका वाक्याला टाळ्या देत होती. वयाचा मुद्दा ऐकून मादामनी चुंबकाची दोरी गुंडाळली आणि काहीतरी विचारलं. वेल्डरने भाषांतर केलं: इथे तरुण कोण आहे, असं त्या विचारताहेत. शेवटचा आधार म्हणून मी हिच्याकडे पाहिलं. ‘अहो, घ्या की,’ ही म्हणाली, ‘फक्त गुडघे टेकताना जपून.’

दारं उघडली. घंटा वाजली. प्लास्टरवरचा गुलाबी रंग मध्यभागी पार उडालेला होता. माझ्याआधी गावातले बरेच मोठे लोक इथे येऊन गेले होते, हे त्यावरून कळत होतं. मी गुडघे टेकले आणि मुका घेतला. उठायला दोघांचा हात लागला. त्यातला एक मादामचा होता. बडीशेपेच्या वासाची ती दुधाळ पास्तिस सगळ्यांना पाजण्याचा मान हरलेल्याकडे असतो, हेही मला तिथेच समजलं. व्हिडिओ रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर पडला. नागपूर शाखेतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मला मध्यरात्री विचारणा आली: ‘साहेब, वीस फुटांवरून का?’

आणि तरीही सांगतो, त्या रात्री मला फार छान झोप लागली. का, ते कळायला मला या खेळाचा जन्म ऐकावा लागला, आणि तो याच गावातला.

पूर्वी इकडे लांब पल्ल्याचा खेळ चालायचा. पंधरा ते एकवीस मीटर अंतर, आणि गोळा मारताना तीन पावलं धाव. ज्यूल लनुआर हा त्यातला नावाजलेला खेळाडू. त्याला संधिवाताने धरलं. धाव बंद झाली. मैदान चालवणाऱ्या पितियो बंधूंच्या तो रोजच्या बसण्यातला. १९१० च्या सुमाराला त्यांनी काय केलं, तर अंतर कमी केलं आणि नियम केला की कोणीच धावायचं नाही. सगळ्यांनी पाय रोवून उभं राहायचं. लनुआरला सवलत दिली नाही, खेळ बदलला. त्याला हरवायचं तर आता उभ्याने हरवा. आज जगभर लोक हा खेळ खेळतात, आपल्याकडे पुदुच्चेरीतही खेळतात, ते एका गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या नियमांनी.

आपल्याकडे खेळात लहान भावंड घुसलं की त्याला कच्चं लिंबू करतात. त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद होत नाही, त्याला वाटतं आपण खेळतोय. त्यात प्रेम असतं, मान्य. पण हे लिंबू आयुष्यात दुसऱ्यांदा कच्चं होतं, निवृत्तीनंतर. बँकेत गेलो की ‘साहेब, तुम्ही बसा’ म्हणून खुर्ची देतात, चहा देतात आणि माझ्या बोलण्यावर ‘अगदी बरोबर’ म्हणतात. चाळीस वर्षांत मी एवढा बरोबर कधी नव्हतो. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात वर्तमानपत्रं आहेत, रक्तदाबाचं शिबिर आहे, पहाटे ठरवून हसण्याची सोय आहे, वर्षातून एकदा शाल आहे. शाल पांघरली की दोन्ही हात आत जातात. मग फेकायचं कशाने? पाया पडणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा मला राग नाही. राग येतो तो पाया पडून झाल्यावर ‘आता तुम्ही आराम करा’ म्हणतात त्याचा. ज्याला हरवायची कोणाला गरज वाटत नाही, त्याच्याशी कोणी खेळत नाही. त्याची फक्त काळजी घेतात.

आणि हे माझ्या घरातही चालू होतं. जावई माझ्याशी कॅरम खेळतो. बोर्ड पुण्याहून मीच आणलेला आहे. राणी भोकाच्या तोंडाशी, कव्हर तिच्या मागे सरळ रेषेत, आणि हा गृहस्थ स्ट्रायकर थेट भोकात घालून ‘अरेरे’ म्हणतो. त्या ‘अरेरे’त दुःखाचा लवलेश नसतो. कॉलेजच्या होस्टेलवर हा कॅरमचा चॅम्पियन होता, हे त्याच्या आईने लग्नाच्या बैठकीतच सांगितलं होतं. गेली कित्येक वर्षं मी एका चॅम्पियनला सलग हरवतो आहे, आणि दर विजयानंतर मुलगी नवऱ्याकडे बघून जे गोड हसते ते मला दिसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझं झालं आहे. आता तर फारच स्वच्छ दिसतं.

फॅनीच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी बोर्ड काढला, पावडर टाकली आणि जावयाला म्हटलं, ‘आज खरं खेळायचं.’

तो गांगरला. बायकोकडे बघू लागला. ‘तिकडे काय बघतोस? खेळ.’

तो खेळला. मला असं सांगायला आवडलं असतं की मी चुरस दिली. त्याने राणी घेतली, कव्हर घेतलं, कोपऱ्यातून, मागून, दोन भिंतींना लावून घेतलं. माझ्या नऊच्या नऊ सोंगट्या बोर्डावर जिथल्या तिथे राहिल्या. मुलगी गप्प होती. ही स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून उभी होती. मला कृतकृत्य वाटायला हवं होतं. मी म्हटलं, ‘बोर्ड एका बाजूला कललाय.’ मुलीने मोबाइलमधलं पातळी बघायचं ॲप काढून बोर्डावर ठेवलं. बोर्ड सपाट होता. मी म्हटलं, ‘मोबाइल बाकदार असेल.’

‘आणखी एक डाव, बाबा?’ जावई म्हणाला.

‘लाव सोंगट्या. आणि हरलेल्याचा पहिला स्ट्राइक असतो. नियम आहे.’

‘नाही बाबा, असा कुठेही नियम नाही,’ तो म्हणाला आणि स्ट्रायकर स्वतःकडे ओढून घेतला. लग्न झाल्यापासून तो मला पहिल्यांदाच नाही म्हणाला होता.